कंट्रोल-सी दाबूनही प्रोग्रॅम थांबत नाही? किल ठोकायच्या आधी या क्रमाने बघा

एकच प्रकार वारंवार बघायला मिळतो. प्रोग्रॅम चालू आहे, कंट्रोल-सी दाबलं, थांबला नाही, मग कुणीतरी सांगितलेलं आठवतं म्हणून कंट्रोल-झेड दाबलं. प्रॉम्प्ट परत आला. सुटलो म्हणून तीच कमांड पुन्हा चालवली तर आता पोर्ट आधीच वापरात आहे म्हणून एरर. मग चिडून किल -९, म्हणजे प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) जबरदस्तीने संपवणारी कमांड, आणि तेही चुकीच्या प्रोसेसला. दुसऱ्या दिवशी डेटाबेस उघडत नाही, लॉक फाइल तशीच पडून आहे, आणि नक्की काय बिघडलं ते कुणालाच सांगता येत नाही.

यात अवघड काही नाही, फक्त क्रम उलटा होतो. बटण दाबायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या: आत्ता फोरग्राउंडला कोण आहे, म्हणजे टर्मिनल कुठल्या प्रोसेसच्या ताब्यात आहे, आणि ती प्रोसेस कुठल्या अवस्थेत आहे. खालचं सगळं याच क्रमाने आहे.

कमांडची नावं आणि आकडे इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिलेत, टर्मिनलवर ते नेहमीप्रमाणे इंग्रजीत आणि लहान अक्षरांत टाइप करायचे. उदाहरणं लिनक्स आणि बॅश धरून आहेत, मॅक किंवा झेडशेलमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय (बॅश आणि झेडशेल हे शेल, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारे प्रोग्रॅम).

तयारी

आधी एक दुसरं टर्मिनल उघडून ठेवा. अडकलेल्या टर्मिनलमधूनच त्याचा इलाज करायला गेलं की निम्मे घोळ तिथेच होतात.

मग शेल कुठलं ते बघा, 'एको $०'. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून नवीन अकाउंटला झेडशेल मिळतं, लिनक्सवर बहुतेक ठिकाणी बॅश असतं. लॉगआउट केल्यावर बॅकग्राउंड जॉबचं (प्रॉम्प्ट मोकळा ठेवून मागे चालणाऱ्या कामाचं) काय होतं ते या दोघांत वेगळं आहे, म्हणून हे माहीत हवं.

दोन्ही टर्मिनलमध्ये 'टीटीवाय' ही कमांड देऊन त्यांची नावं बघून ठेवा, पीटीएस/० असं काहीतरी येईल. नंतर लागतं.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी, कारण मराठी टाइप करणाऱ्यांनाच ती नडते. कीबोर्ड लेआउट इनस्क्रिप्टवर राहिला असेल तर सी च्या बटणावर 'म' असतो, आणि काही टर्मिनल प्रोग्रॅम कंट्रोल-म ला कंट्रोल-सी समजत नाहीत. गप्प बसतात. आधी लेआउट इंग्रजी करा आणि मगच प्रोग्रॅमला दोष द्या.

तपासा: 'स्लीप ५००' चालवा, कंट्रोल-सी दाबा. लगेच थांबलं तर कीबोर्ड आणि टर्मिनल ठीक आहेत, गडबड प्रोग्रॅमकडे आहे.

पायरी १: कुठलं बटण काय करतं ते पक्कं करा

कंट्रोल-सी थेट प्रोग्रॅमकडे जात नाही, हे लक्षात घेतलं की बाकीचं आपोआप उलगडतं. बटण दाबलं की ते कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) टर्मिनल ड्रायव्हरकडे जातं, ड्रायव्हर बघतो की या टर्मिनलच्या फोरग्राउंडला कुठला प्रोसेस ग्रुप (एकत्र चालवलेल्या प्रोसेसचा गट) आहे, आणि त्या ग्रुपमधल्या सगळ्यांना सिगइंट म्हणजे सिग्नल (प्रोसेसला दिलेली सूचना) क्रमांक २ पाठवतो. म्हणूनच पाइप लावून चार कमांड जोडल्या असतील तर एका कंट्रोल-सीमध्ये चारही थांबतात, आणि म्हणूनच बॅकग्राउंडला टाकलेल्या जॉबला कितीही वेळा कंट्रोल-सी दाबा, त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही.

कंट्रोल-झेड सिगटीएसटीपी पाठवतं. याने प्रोग्रॅम बंद होत नाही, आहे तिथे गोठतो. मेमरी, पोर्ट, उघडलेल्या फाइल सगळं धरून बसतो.

कंट्रोल आणि उलटा स्लॅश म्हणजे सिगक्विट, क्रमांक ३. कंट्रोल-सी गिळून टाकणारे बरेच प्रोग्रॅम याने पडतात, सेटिंग तशी असेल तर कोअर फाइलही (प्रोग्रॅमच्या मेमरीची प्रत) तयार होते. जावा प्रोग्रॅम मात्र याने बंद होत नाही, तो सगळ्या थ्रेडचा डम्प छापतो आणि पुढे चालू राहतो.

कंट्रोल-डी हा सिग्नलच नाही. इनपुट संपलं एवढंच तो सांगतो. इनपुट न वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही, उलट घाईत दोनदा दाबलं आणि मध्येच प्रॉम्प्ट आला तर शेल बंद होऊन बसतं.

कंट्रोल-एस स्क्रीनवरचं आउटपुट थांबवतं, कंट्रोल-क्यू ते सोडतं. फाइल सेव्ह करायच्या सवयीने लोक टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस दाबतात आणि मशीन हँग झालं म्हणतात. हे नकोच असेल तर शेलच्या सेटिंग फाइलमध्ये 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' टाकून ठेवा.

पायरी २: अडकलंय म्हणजे नक्की काय झालंय ते ओळखा

सगळ्यात आधी कंट्रोल-क्यू दाबा. फुकटचा उपाय आहे, नुकसान काही नाही.

मग प्रॉम्प्टकडे नीट बघा. नुसता '>' दिसतोय का? मग काही अडकलेलं नाही, तुम्ही कुठेतरी अवतरणचिन्ह उघडलंय आणि बंद केलेलं नाही, शेल पुढच्या ओळीची वाट बघतंय. एकदा कंट्रोल-सी, काम झालं. तसंच 'कॅट' किंवा 'ग्रेप' ला फाइलचं नाव द्यायला विसरलात तर ते कीबोर्डवरून इनपुट येईल म्हणून बसून राहतात.

यापैकी काही नसेल तर दुसऱ्या टर्मिनलवर जा आणि अडकलेल्या टर्मिनलचं नाव देऊन हे चालवा:

पीएस -टी पीटीएस/० -ओ पीआयडी,पीपीआयडी,पीजीआयडी,स्टॅट,आर्ग्ज

पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, पीपीआयडी तिच्या पालक प्रोसेसचा, पीजीआयडी तिच्या ग्रुपचा. स्टॅट या कॉलममध्ये खरं उत्तर असतं. पहिलं अक्षर वाचायचं. आर म्हणजे पळतंय, एस म्हणजे कशाची तरी वाट बघत झोपलंय पण सिग्नल दिला तर उठेल. टी म्हणजे थांबवलेलं, बहुतेक वेळा तुमच्याच कंट्रोल-झेडने. डी म्हणजे डिस्क किंवा नेटवर्क स्टोरेजची वाट बघतंय आणि सिग्नल ऐकण्याच्या स्थितीत नाही. झेड म्हणजे झोंबी, मेलेलं आहे, फक्त नोंद उरलीये. पुढे '+' असेल तर ती प्रोसेस फोरग्राउंडला आहे, म्हणजे कंट्रोल-सी जाणार ते तिलाच.

'+' आहे, अवस्था एस किंवा आर आहे, आणि तरी कंट्रोल-सी लागत नाही? मग प्रोग्रॅमने सिगइंट स्वतः पकडलाय किंवा दुर्लक्षित केलाय, नाहीतर टर्मिनलची सेटिंग बदललीये. 'एसटीटीवाय -एफ /डेव्ह/पीटीएस/० -ए' करून बघा (लिनक्सवर हे एफ कॅपिटल असतं, मॅकवर स्मॉल). त्यात 'इंटर = ^सी' दिसायला पाहिजे. 'आयसिग' च्या आधी उणे चिन्ह असेल तर बटणांवरून सिग्नल तयार होणंच बंद आहे, विम या एडिटरसारखे प्रोग्रॅम हे मुद्दाम करतात.

सावधान: अवस्था न बघता किल मारू नका. टी, डी आणि झेड या तिघांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

पायरी ३: कंट्रोल-झेडने गोठवलेलं आधी सोडवा

माझ्या मते सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो, म्हणून हे एकदा हाताने करून बघा. 'पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००' चालवा, ब्राउझरमध्ये पान उघडतंय बघा, आणि मग कंट्रोल-झेड दाबा. स्क्रीनवर [१]+ आणि पुढे स्टॉप्ड असं येईल. आता ब्राउझरमध्ये पान रिफ्रेश करा. एरर येत नाही, नुसतं गोल फिरत राहतं. कारण पोर्ट अजून त्याच प्रोसेसकडे आहे, कनेक्शन कर्नल घेऊन ठेवतं पण उत्तर देणारा गोठलेला आहे. याच वेळी दुसरा सर्व्हर त्याच पोर्टवर चालू करायला गेलात की पोर्ट वापरात असल्याची एरर येते.

आता 'जॉब्स -एल' द्या. जॉब नंबर, पीआयडी आणि अवस्था दिसेल. '+' ज्याच्यापुढे आहे तो चालू जॉब, नंबर न देता 'एफजी' किंवा 'बीजी' म्हटलं तर याच्यावरच लागू होतं, '-' म्हणजे त्याच्या आधीचा. बंद करायचा असेल तर 'एफजी' करून पुढे आणा आणि मग कंट्रोल-सी दाबा. चालूच ठेवायचा असेल आणि प्रॉम्प्टही हवा असेल तर 'बीजी'.

विमचंही हेच. विममध्ये चुकून कंट्रोल-झेड दाबलं जातं, लोक फाइल परत उघडतात, स्वॅप फाइल सापडली म्हणून मोठ्ठी सूचना येते, आणि घाबरून स्वॅप फाइल डिलीट करतात. अहो, पहिलं विम तुमच्या न सेव्ह केलेल्या मजकुरासकट तिथेच आहे, फक्त 'एफजी' करा.

सावधान: जॉब नंबर आणि पीआयडी यांची गल्लत करू नका. 'किल %१' म्हणजे या शेलचा पहिला जॉब, आणि 'किल १' म्हणजे सिस्टिमची पहिली प्रोसेस. साध्या युजरला परवानगी नाही म्हणून एरर येऊन सुटका होते, पण रूट असाल तर टक्क्याचं चिन्ह विसरणं महागात पडू शकतं.

तपासा: 'जॉब्स' रिकामं आलं म्हणजे काही चालू नाही असं समजू नका. ही यादी फक्त त्या एका शेलची असते, दुसऱ्या टर्मिनलमधला जॉब इथे कधीच दिसणार नाही, तिथे पीएसच वापरायचं. पोर्ट कुणी धरलाय हे 'एलएसओएफ -आय :८०००' सांगतं.

पायरी ४: किल करायचंच असेल तर पायऱ्या चुकवू नका

क्रम असा ठेवा. आधी 'किल -इंट पीआयडी', म्हणजे कंट्रोल-सीसारखाच सिग्नल, फक्त एकाच प्रोसेसला. मग नुसतं 'किल पीआयडी', म्हणजे सिगटर्म, क्रमांक १५. यानंतर थोडं थांबा, खरंच थांबा, प्रोग्रॅम फाइल बंद करत असेल, डेटा डिस्कवर लिहीत असेल. तरीही नाही गेला तरच 'किल -९'.

नऊ नंबर शेवटी का, तर तो प्रोग्रॅमला दिलाच जात नाही, कर्नल प्रोसेस थेट संपवतं. प्रोग्रॅमला आवराआवर करायची संधी शून्य. तात्पुरत्या फाइल राहतात, लॉक फाइल राहते, अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहते, आणि त्याने सुरू केलेल्या पोटप्रोसेस अनाथ होऊन मागे चालू राहतात. मग लोक म्हणतात मुख्य प्रोग्रॅम मारला तरी सीपीयू कसा काय तापलाय.

प्रोसेस टी अवस्थेत असेल तर अजून एक गंमत होते. दुसऱ्या टर्मिनलवरून सिगटर्म पाठवला की काहीच होत नाही, कारण गोठलेली प्रोसेस सिग्नल हाताळू शकत नाही, तो रांगेत पडून राहतो. अशा वेळी पाठोपाठ 'किल -कॉन्ट पीआयडी' द्या, ती जागी होते आणि सिगटर्म घेऊन निघून जाते. बॅशमध्ये त्याच शेलमधून 'किल %१' म्हटलं तर हे कॉन्ट शेल स्वतःच पाठवतं.

पोटप्रोसेसही एकदम घालवायच्या असतील तर पूर्ण ग्रुपला सिग्नल द्या: 'किल -टर्म -- -पीजीआयडी'. पीजीआयडीच्या जागी पीएसमध्ये दिसलेला ग्रुपचा आकडा टाकायचा, आणि त्याच्या आधीचं उणे चिन्ह विसरायचं नाही, तेच सांगतं की हा ग्रुप आहे.

सावधान: 'पीकिल -एफ' हे पूर्ण कमांड ओळीत शब्द शोधतं, त्यामुळे 'पीकिल -एफ पायथन' ने तुमचा अडकलेला स्क्रिप्ट जातोच, पण त्याच युजरचे बाकीचे सगळे पायथन प्रोग्रॅमही जातात. आधी 'पीग्रेप -ए -एफ' ला तोच शब्द देऊन यादी वाचा. आणि जुन्या सोलारिस मशीनवर काम करायची वेळ आली तर 'किलऑल' ला हात लावू नका, तिथे ते नावाप्रमाणे सगळंच मारतं.

तपासा: प्रोग्रॅम संपल्यावर लगेच 'एको $?' द्या. १३० आलं तर सिगइंटने गेला, १४३ म्हणजे सिगटर्म, १३७ म्हणजे नऊ नंबर (१२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवलेला असतो). तुम्ही किल न करताच १३७ आलं तर मेमरी संपल्यामुळे कर्नलने मारलंय का ते 'डीमेसेज' (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) मध्ये बघा.

पायरी ५: बॅकग्राउंडला टाकताना तिन्ही वाटा बांधा

नुसतं '&' लावलं की झालं असं वाटतं, पण प्रोग्रॅमचं इनपुट आणि दोन्ही आउटपुट (साधं आणि एररचं) अजून तुमच्याच टर्मिनलला जोडलेले असतात. मग मध्येच लॉगच्या ओळी तुमच्या टाइपिंगमध्ये घुसतात, आणि त्याहून वाईट म्हणजे प्रोग्रॅमने काही विचारायचा प्रयत्न केला तर कर्नल त्याला सिगटीटीआयएन देऊन गोठवतं. 'जॉब्स' मध्ये स्टॉप्ड, कंसात टीटीवाय इनपुट असं दिसतं ते हेच. रात्रभर चालेल म्हणून लावलेला जॉब पहिल्याच मिनिटाला हो की नाही विचारत थांबलेला असतो.

म्हणून असं लिहा:

कमांड < /डेव्ह/नल > काम.लॉग २>&१ &

इथे क्रम महत्त्वाचा आहे. '२>&१' हे लॉग फाइलच्या नंतरच आलं पाहिजे. आधी लिहिलंत तर एरर स्क्रीनवरच येत राहतील आणि लॉग फाइलमध्ये फक्त साधं आउटपुट जाईल, म्हणजे जे हवं नेमकं तेच नाही.

एसएसएच बॅकग्राउंडला टाकताना '-एन' लावा, नाहीतर ते इनपुट खात बसतं (व्हाइल-रीड लूपमध्ये एसएसएच फक्त पहिल्याच सर्व्हरवर चालून लूप संपतो, त्याचंही कारण हेच). सुडो लागणार असेल तर आधी 'सुडो -व्ही' करून पासवर्ड देऊन टाका.

तपासा: लावल्यावर लगेच 'जॉब्स' बघा, रनिंग दिसलं पाहिजे, आणि 'टेल -एफ काम.लॉग' मध्ये ओळी येताना दिसल्या पाहिजेत. मगच जागेवरून उठा.

पायरी ६: टर्मिनल बंद केल्यावरही चालायला हवं असेल तर

टर्मिनल बंद होताना शेलला सिगहप येतो आणि शेल तो आपल्या जॉबना पाठवतं. 'एक्झिट' टाइप करून बाहेर पडलात तर बॅश साधारणपणे चालू जॉबना हप देत नाही, झेडशेल मात्र आपल्या मूळ सेटिंगमध्ये आधी इशारा देतं आणि तरीही बाहेर पडलात तर हप देतं. म्हणून या भरवशावर राहू नका.

आधीच माहीत असेल तर 'नोहप' लावा, पण '&' वेगळं लावावंच लागतं, नोहप स्वतःहून काही बॅकग्राउंडला टाकत नाही. आउटपुट कुठे वळवलं नसेल तर ते नोहप.आउट या फाइलमध्ये जातं.

काम आधीच सुरू झालंय आणि आत्ता निघायचंय? कंट्रोल-झेड, मग 'बीजी', मग 'डिसओन -एच %१' (झेडशेलमध्ये '-एच' शिवाय). यातलं मधलं 'बीजी' विसरू नका. गोठलेला जॉब तसाच सोडून टर्मिनल बंद केलं तर शेल गेल्यावर कर्नलच त्याला हप देतं आणि तो मरतो. शिवाय डिसओन केल्याने आउटपुट कुठे जातंय ते बदलत नाही, ते अजून त्या बंद झालेल्या टर्मिनलकडेच आहे, लिहायला गेलं की एरर येते आणि कित्येक प्रोग्रॅम तिथेच पडतात.

म्हणून तासनतास चालणारं काम असेल तर सरळ टीमक्स वापरा, टर्मिनल बंद झालं तरी हा प्रोग्रॅम आतलं काम चालू ठेवतो. 'टीमक्स' सुरू करा, त्यात काम लावा, कंट्रोल-बी आणि मग डी दाबून बाहेर या, परत आल्यावर 'टीमक्स अटॅच'. काही सर्व्हरवर सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा आणि लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची) 'किलयूजरप्रोसेसेस' ही सेटिंग चालू असते, तिथे लॉगआउटबरोबर टीमक्सही जातं, अशा ठिकाणी ॲडमिनशी बोलून लिंगर (लॉगआउटनंतरही युजरच्या सेवा चालू ठेवणारी सोय) चालू करून घ्या आणि टीमक्स 'सिस्टमडी-रन --यूजर --स्कोप टीमक्स' असं सुरू करा, नुसत्या लिंगरने भागत नाही.

पायरी ७: स्क्रिप्टमधले घोळ

स्क्रिप्टमध्ये '&' लावून चार कामं सोडली, कंट्रोल-सी दाबलं, स्क्रिप्ट थांबलं पण चारही कामं मागे चालूच. हा बग नाही. स्क्रिप्टमध्ये जॉब कंट्रोल बंद असतं आणि तिथे '&' लावलेल्या कमांडला शेल सिगइंट आणि सिगक्विट दुर्लक्षित करायला लावूनच सोडतं. उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या सुरुवातीला ट्रॅप, म्हणजे सिग्नल आल्यावर किंवा बाहेर पडताना काय चालवायचं ते सांगणारी कमांड:

ट्रॅप 'किल $(जॉब्स -पी)' एक्झिट

आणि शेवटी 'वेट'. पहिल्या ओळीत बॅश लिहिलेलं असेल तरच यावर विसंबा, कारण डेबियन आणि उबुंटूवर 'एसएच' म्हणजे डॅश असतं आणि ते सिगइंटने मरताना एक्झिटचा ट्रॅप चालवत नाही, तिथे इंट आणि टर्मचे ट्रॅप वेगळे लिहावे लागतात.

दुसरा घोळ म्हणजे लूप थांबत नाही. लूपच्या आतला प्रोग्रॅम सिगइंट पकडून व्यवस्थित एक्झिट झाला तर बॅशला वाटतं की इंटरप्ट त्यानेच वापरला, आणि लूपची पुढची फेरी सुरू होते. पायथनमध्ये नुसतं 'एक्सेप्ट:' लिहिलं की हमखास हे होतं, कारण ते कीबोर्डइंटरप्टसुद्धा गिळतं. 'एक्सेप्ट एक्सेप्शन:' लिहा, त्यात कीबोर्डइंटरप्ट येत नाही. आत्ता लूप अडकलाच असेल तर दुसऱ्या टर्मिनलवरून लूप चालवणाऱ्या शेलला सिगटर्म द्या (लूप थेट प्रॉम्प्टवर लिहिला असेल तर शेल सिगटर्म ऐकत नाही, तिथे कंट्रोल-झेड दाबा, बॅश लूप सोडून देतं, मग गोठलेला जॉब किल करा).

तिसरं, ट्रॅप लिहिला पण लगेच चालत नाही. बॅश फोरग्राउंडची कमांड संपल्यावरच ट्रॅप चालवतं. 'स्लीप ३६००' मध्ये असताना बाहेरून सिगटर्म दिला तर तासभर वाट बघावी लागेल. 'स्लीप ३६०० &' आणि पुढे 'वेट $!' लिहा, वेट सिग्नल आल्याआल्या सुटतं.

पायरी ८: नऊ नंबरही चालत नाही तेव्हा

अवस्था झेड असेल तर मेलेल्याला अजून मारता येत नाही. पीपीआयडी बघा, त्या पालक प्रोसेसने मुलाची नोंद उचललेली नाही, पालक रीस्टार्ट केला की झोंबी जातो. एकदोन झोंबींनी काही बिघडत नाही, शेकडो साठत असतील तर पालक प्रोग्रॅमच्या कोडमध्ये चूक आहे.

अवस्था डी असेल तर प्रोसेसला सोडा आणि ती कशाची वाट बघतेय ते शोधा. बहुतेक वेळा बंद पडलेला एनएफएस (नेटवर्क स्टोरेजचा) सर्व्हर किंवा खराब होत चाललेली डिस्क निघते. 'डीमेसेज' वाचा. स्टोरेज परत आलं की प्रोसेस उठते आणि रांगेत थांबलेला किल तेव्हा लागू होतो.

डॉकरमध्ये कंट्रोल-सी लागत नसेल तर बघा, '-आयटी' दिलंय का, आणि तुमचा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये पीआयडी १ आहे का. पीआयडी १ ने सिग्नलसाठी स्वतः हँडलर लावला नसेल तर कर्नल सिगइंट आणि सिगटर्म त्याच्यापर्यंत जाऊ देत नाही. 'डॉकर रन --इनिट' लावा. 'डॉकर स्टॉप' दर वेळी १० सेकंद घेत असेल तर कारण हेच असतं, तेवढं थांबून ते शेवटी नऊ नंबर मारतं.

एसएसएच गोठलं असेल, नेट गेल्यामुळे वगैरे, तर कंट्रोल-सी पलीकडे पोचणारच नाही. एंटर दाबा, मग टिल्डे (~), मग टिंब. हे तुमच्याच मशीनवरचं एसएसएच ऐकतं आणि कनेक्शन तोडतं. एकातून दुसऱ्या सर्व्हरवर गेला असाल आणि आतलं तोडायचं असेल तर टिल्डे दोनदा.

आणि प्रोग्रॅम मारल्यावर टर्मिनल विचित्र वागतंय, टाइप केलेलं दिसत नाही, ओळी जिन्यासारख्या तिरक्या पडतात, तर टर्मिनल बंद करायची गरज नाही. दिसत नसलं तरी 'एसटीटीवाय सेन' टाइप करा आणि एंटर दाबा, एंटर चालत नसेल तर कंट्रोल-जे दाबून, टाइप करून, परत कंट्रोल-जे. एवढ्यानेही स्क्रीनवर चित्रविचित्र अक्षरं येत राहिली तर 'रीसेट'.